पाझर तलावावरचं ॲसिड जॅझ

आमचे सोपाननाना रोज दुपार कलती झाली की आपली जुनी पांढरी चारचाकी काढतात, गावाबाहेरच्या पाझर तलावाच्या भिंतीखाली एका बाभळीला चिकटवून उभी करतात, चारही काचा गच्च वर करतात आणि आत बसून राहतात. एप्रिलमध्येसुद्धा. गाडीत एसी नाही. आमच्या पाथर्डी तालुक्यात एप्रिलमध्ये शेळ्यासुद्धा सावलीत बसून विचार करतात की आपण इथं का जन्मलो. पण नाना तासाभरानं गाडीतून बाहेर येतात तेव्हा सदरा अंगाला चिकटलेला, टोपी पिळून काढावी अशी ओली आणि चेहऱ्यावर मात्र नुकतं लग्न जमल्यासारखी कळा.

एवढ्यावर भागलं असतं. पण ती गाडी हलते.

हे मला पहिल्यांदा कळलं ते माझ्याच दुकानात. मी गावात मेडिकल चालवतो. मेडिकलच्या काउंटरवर माणूस खोकल्याचं औषध मागतो आणि ते पिशवीत पडेपर्यंत गावाची बातमी देतो. मेंढरं राखणारा भागाजी पायाला लावायचं मलम घ्यायला आला होता. इकडंतिकडं बघून पुढं वाकला आणि म्हणाला, "सुनीलशेठ, नानांच्या गाडीत दुसरं कोन असतंय वो?"

"कुणी नाही. का?"

"न्हाई, गाडी लई हालती. खड्ड्यात न्हाई, रस्त्यावं न्हाई, जागच्या जागी हालती. म्हनून इचारलं."

दुकानात तीन बायका उभ्या होत्या. एकीनं पदर तोंडाला लावला. मी मलमाऐवजी भागाजीला टूथपेस्ट दिली आणि कानशिलं गरम झालेल्या अवस्थेत आत जाऊन उगाच खोकी मोजत बसलो.

नाना म्हणजे माझे सख्खे चुलते. वडील गेल्यापासून घरातलं मोठं माणूस तेच. आयुष्य दूध संघाच्या चिलिंग सेंटरात काढलं आणि तिथूनच निवृत्त झाले. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, गावच्या सप्ताहाच्या कमिटीत मानाची जागा. सप्ताहाच्या पहिल्या दिवशी वीणा गळ्यात घालून उभं राहायचा मान त्यांचाच. अशा माणसाची गाडी हलते, हे पुतण्यानं काउंटरवर ऐकायचं म्हणजे काय, ते ज्याला चुलता आहे त्यालाच कळेल.

खरं तर नानांपायी मान खाली घालायची मला जुनी सवय आहे. दूध संघानं त्यांना एक रोग लावला होता. जगातली कुठलीही गोष्ट ते फॅटमध्ये मोजायचे. गाईचं दूध साडेतीन, म्हशीचं सहा, आणि बाकी सगळी दुनिया या दोन आकड्यांच्या मध्ये. माझी बायको बघायला आम्ही तिसगावला गेलो, तेव्हा चहा आला. सगळे मुलीकडं बघत होते, नाना कपात बघत होते. एक घोट घेतला, जिभेवर फिरवला आणि होणाऱ्या सासऱ्यांना म्हणाले, "पाव्हणं, रतीब बदला. ह्यात पानी वरचं हाय." सासऱ्यांची स्वतःची म्हैस होती. ते लग्न कसं जमलं हे मला अजून कळलेलं नाही. मी तर त्या दिवशी पायातल्या चपलेकडं इतका वेळ बघत होतो की मुलगी कशी आहे हे मला लग्नातच कळलं.

कीर्तन झालं की बुवा पायरी उतरायच्या आत नाना निकाल द्यायचे. "आवाज चांगला हाय बुवांचा, पर फॅट न्हाई." किंवा, "पूर्वरंग म्हशीचा, उत्तररंग निव्वळ ताक." नवे सरपंच भाषण करून खाली बसले तेव्हा नाना पहिल्या रांगेतून म्हणाले, "पावडरचं हाय." माईक चालू होता.

तर अशा नानांच्या गाडीबद्दल गावात बोलणी सुरू झाली. आधी लोकांनी बाईचा संशय घेतला. तो टिकला नाही, कारण काचेतून डोकं एकच दिसायचं. मग गावानं आपापसात ठरवलं की नाना पितात. काचा बंद का, वास बाहेर येऊ नये म्हणून. घाम का, चढते म्हणून. गाडी हलते का, आतला माणूस झोकांड्या खातो म्हणून. सगळं बरोबर बसलं. गाव एकदा गणित सोडवायला बसलं की उत्तर आल्याशिवाय उठत नाही.

सप्ताह जवळ आला. कीर्तनकार ठरवायला विठ्ठलमंदिराच्या सभामंडपात बैठक बसली. मीही होतो, मंडपाच्या लाईटचं काम दरवर्षी माझ्याकडं असतं. कमिटीचे अध्यक्ष किसनराव हे सभ्य गृहस्थ. त्यांनी आधी पाऊसपाण्याचं काढलं, मग कांद्याच्या भावाचं, मग खाकरले.

"नाना, राग मानू नका. लोक काहीबाही बोलत्यात. तलावाकडं तुमी रोज जाता..."

"जातो."

"गाडीत बसता..."

"बसतो."

"मंग तिथं काय... म्हंजे... करता काय?"

नानांनी एकदा सगळ्यांकडं बघितलं. मला वाटलं, आता एक सणसणीत शिवी हाणतील आणि सगळं मिटेल. नानांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "पितो."

मंडपात पंख्याचा आवाज मोठा झाला. किसनरावांनाच लाज वाटली. ते घाईघाईनं म्हणाले, "पर नाना, वास तर कधी आला न्हाई."

"चांगल्यातली पितो."

"माळ हाय नाना तुमच्या गळ्यात!"

"म्हनून तर सांगतो. यंदा वीना दुसऱ्याकडं द्या." आणि उठले, खांबाला धरून चपला घातल्या आणि गेले. जाताना माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. आणि मी तरी कुठं बघत होतो? मी मेन स्विचच्या पेटीत डोकं घालून उभा होतो. माझ्या पाठीवर सगळ्या मंडपाचे डोळे आहेत, हे मला सदऱ्यातून कळत होतं.

घरी आईनं भाकरी थापायची थांबवली. "भाऊजी? आपलं सोपानभाऊजी? ज्यांनी साखरपुड्याचं आइस्क्रीमसुदीक खाल्लं न्हाई, त्यात अंडं असतंय म्हनून?" मग डोळ्याला पदर लावून म्हणाली, "उद्या जा. बाटली दिसली तर तिथंच फोड. आन् घरी आन त्यांना. तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी स्कूटर काढली. पाझर तलावात तेव्हा पाणी नव्हतंच, मधोमध एक हिरवं डबकं आणि बाकी भेगा. स्कूटर लांब लावली आणि चोरासारखा चालत गाडीजवळ गेलो. गाडी हलत होती. अगदी भागाजीनं सांगितलं होतं तशी.

काचेतून आत बघितलं. नाना डोळे मिटून बसले होते. त्यांची मान पुढंमागं जात होती. कोंबडा चालताना नेतो तशी, पण कोंबड्यापेक्षा कितीतरी झोकात. खांदे वेगळंच काहीतरी करत होते. दोन्ही हात स्टिअरिंगवर बोटांनी ताशा वाजवत होते, आणि बसल्या जागी कंबर... जाऊ द्या. सख्ख्या चुलत्याची कंबर आहे, मी वर्णन करणार नाही.

मी काचेवर टकटक केली. नाना असे दचकले की हॉर्न वाजला. त्यांनी झटक्यात टेप बंद केला, कॅसेट काढली आणि सीटखाली सारली. मग काच चार बोटं खाली घेऊन म्हणाले, "काय रं? कुनाला बरं न्हाई का?"

"नाना, बाटली कुठंय?"

"कसली बाटली?"

"काल तुम्हीच म्हणालात ना!"

हात लांब करून नानांनी पलीकडचं दार उघडलं. "बस. काच लाव."

आतली हवा भट्टीची होती. दारूचा वास शोधायला मी नाक चालवलं, तर आवळ्याच्या तेलाचा वास आला. नानांनी सीटखालून कॅसेट काढली, सदऱ्याला पुसली. वरचं कागदी चित्र पार उडालेलं, नुसत्या निळ्या-नारिंगी पट्ट्या उरलेल्या. वाद्यवृंदाचं नाव घामानं कधीच पुसलं गेलं होतं.

"हे पितो," नाना म्हणाले. मला वाटतं त्यांच्याइतकं लाजलेलं माणूस मी आयुष्यात बघितलं नाही. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "हसू नको."

मग त्यांनी गोष्ट सांगितली. दूध संघानं परदेशी मशिनरी घेतली तेव्हा ती शिकायला तरुणपणी नानांना सहा महिने इंग्लंडला पाठवलं होतं. हे आम्हाला ठाऊक होतं. पण तिथलं विचारलं की नाना फक्त एवढंच सांगायचे की तिथल्या गाई मोठ्या असतात. आता कळलं की ते एका न्हाव्याच्या दुकानाच्या वरच्या खोलीत राहायचे. न्हावी मूळचा जमैकाचा. नाना त्याला अजूनही 'जमैकाकर' म्हणतात, जणू आपल्या शेवगावकर-राशीनकरांतलाच एक. जमैकाकर दिवसभर दुकानात एकच कॅसेट लावायचा. वर नाना थंडीनं कुडकुडत, गावाच्या आठवणीनं रडवेले होऊन पडलेले, आणि खालून फरशीतून तो आवाज पायात चढायचा.

"एक दिस दाढी करायला गेलो. त्यानं वस्तरा लावला, तेवढ्यात ते सुरू झालं. आन् माझी मान आपोआप हालली." नानांनी कानाखालचा पांढरा वण दाखवला. आम्हाला लहानपणापासून तो सेंटरातल्या बॉयलरचा म्हणून सांगितलेला. "एवढं रगत! मी घाबरलो. जमैकाकर मातर पोट धरून हसाया लागला. म्हनाला, ह्या गान्यावं ज्याची मान हालती तो आपला मानूस. निघताना कॅसेट हातात दिली."

"पण हे आहे काय?"

"फंक. आन् ॲसिड जॅझ."

"ॲसिड?" मी मेडिकलवाला. माझ्या डोळ्यापुढं पित्ताच्या गोळ्या आल्या.

"मी बी आसाच दचकलो हुतो. आरं, आमच्याकडं टँकरला ॲसिड आलं की आख्खा टँकर वतून द्यायचा. म्हनलं, हे नासलेलं दिसतंय. ऐकलं, तर नासलं न्हवतं. इरजलं हुतं! जॅझचं दूध घ्यायचं आन् त्याला फंकचं इरजन लावायचं. आता गप ऐक."

त्यांनी बटण दाबलं. आधी नुसता ढोल. म्हणजे ड्रम. एकटाच, कोरडा, घाई नसलेला. मी म्हणालो, "चांगलं आहे." नाना म्हणाले, "अजून काय झालंच न्हाई. म्हैस येऊ दी."

आणि म्हैस आली. त्या जाड तारांच्या गिटारीला नाना म्हैस म्हणतात. दुपारची म्हैस कशी आधी पुढचा पाय पाण्यात टाकते, थांबते, मग सगळं अंग सोडून देते, तसा तो आवाज ड्रमच्या खाली उतरला. गाडीचा पत्रा थरथरला. माझ्या बरगड्यांना कळलं, मग कानांना. वरून दुसरी गिटार बारीक बारीक चकचक करत होती, कुणीतरी ओल्या लादीवर नव्या चपला घालून फिरावं तशी. पेटीसारखं एक वाद्य होतं, पण पेटीला ताप भरल्यासारखं ते थरथरायचं. आणि मध्येच पितळी वाद्यांचा जथा, धाडकन दार उघडून आत यावा, दोन शब्द बोलावा आणि दार लावून निघून जावा.

"हे कुठं गेले?" मी विचारलं.

"तीच तर गंमत हाय! येत्यात, सांगत्यात, जात्यात. आपल्या बुवांसारकं धरून बसत न्हाईत. सुन्या, वाजवलेलं सगळ्यांनाच ऐकू येतं. मधे जी जागा मोकळी सोडली, ती ऐक. लोनी तिथं जमतंय." मग बोट वर करून म्हणाले, "आता सम. आपला पखवाजवाला समेवर येतो का न्हाई, तसं हे समदे पैल्या ठोक्यावं येत्यात. कुठं बी हिंडू द्या, त्या ठोक्याला दारात हजर. आली बघ. आली! फॅट बघ, फॅट!"

बारा जणांनी एकाच उंबऱ्यावर पाय ठेवावा तशी ती सम आली. आणि शरमेची गोष्ट अशी की माझी मान हलली. मी सप्ताहाचा लाईटवाला, गावातला मेडिकलवाला, बाभळीखाली बंद गाडीत घामाघूम होऊन मान हलवत होतो आणि बाहेर एक शेळी काचेला नाक लावून हे सगळं बघत होती.

कॅसेटची एक बाजू संपली. मी घाम पुसला आणि जे विचारायचं ते विचारलं. "नाना, गाणी ऐकता एवढं सांगायला काय झालं होतं? मंडपात दारुडा म्हणवून घेतलंत. घरी टेप आहे, पंखा आहे. घरी का नाही ऐकत?"

नानांनी कॅसेट दोनदा उलटीसुलटी केली.

"घरीच ऐकायचो. तुझी नानी सैपाकघरातनं वरडायची, ते रेडं बंद करा! मी मुद्दाम वाढवायचो. ती आनखी वरडायची. चांगलं चाललं हुतं आमचं." ते थोडं हसले. "मग एक दिस वरडलीच न्हाई. म्हनलं, सवय झाली. आवाज वाढवला. तरी न्हाई. ती भायेर आली, माझ्यासमूर शेंगा फोडत बसली. टेप ह्यो एवढा मोठ्यांदा. मी मान हालवतोय. तिनं माझ्याकडं बघितलं आन् म्हनली, अवो, मान दुखतीया का? तेल लावू?"

मी रुमालाची घडी घातली.

"तवा समजलं. नगरला नेलं, दाखवलं. दोन्ही कान गेल्यात. मशीन घाल म्हनाले, ही घालीना. लोक बहिरी म्हनतील म्हनती. बायकांच्या भजनात पुढं बसती ना ती, दुसऱ्यांच्या तोंडाकडं बघून टाळ वाजवती. माझ्याकडनं शपथ घेतली, कुनाला सांगायचं न्हाई." नानांनी खिडकीबाहेर बघितलं. "मला सांग, तिच्यासमूर कसं ऐकू? ताटात पुरनपोळी घेऊन उपाशी मानसापुढं बसल्यागत वाटतं. लाज वाटती रं. आन् मंडपात खरं सांगितलं असतं, तर कुनीतरी तुझ्यासारकंच इचारलं असतं, घरी का न्हाई ऐकत? मंग काय सांगनार हुतो? त्यापरीस दारू बरी."

आता मला एकेक गोष्ट कळत गेली. हल्ली नानी रस्त्यात भेटल्या तरी बोलत नाहीत, पुण्याची लेक कमावती झाल्यापासून नानीला तोरा आलाय, असं गावात म्हणायचे. आमच्या घरातही म्हणायचे. आणि नवऱ्याच्या दारूबद्दल सगळं गाव बोलत असताना ती बाई एवढी निवांत कशी, याचंही लोकांना नवल होतं. तिच्यापर्यंत काही पोचलंच नव्हतं.

मी कुणाला सांगणार नाही असं कबूल करून परत आलो. आईला म्हणालो, बाटली सापडली नाही. तिचं समाधान झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई जावेचं सांत्वन करायला नानांच्या ओट्यावर गेली. नानी धान्य निवडत होत्या. आई शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "शकू, भाऊजींचं कळलं. लई वाईट वाटलं."

नानी म्हणाल्या, "व्हय ना. कुरडया उन्हात घातल्यात, वाळतील दुपारपत्तुर."

आई चक्रावली. थोडं मोठ्यानं म्हणाली, "अगं भाऊजींचं म्हनते मी! सोडवायचं औषध असतंय म्हनं."

"नगं. आमच्याकडं हाय अजून डबाभर."

आईचा पारा चढला. तिला वाटलं, शकू उडवून लावतेय. ती उभी राहिली, शकूच्या तोंडासमोर वाकली आणि जिवाच्या आकांतानं ओरडली, "अगं भाऊजी दारू पित्यात! तळ्यावर बसून! मंडपात कबूल केलं त्यांनी! वीना गेली त्यांची!"

अख्ख्या गल्लीत दारं उघडली. नानींच्या हातातलं सूप खाली गेलं.

तासाभरानं नानी माझ्या दुकानात आल्या. गर्दी होती, पण त्या सरळ काउंटरच्या आत आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "सुन्या, माझ्याकडं तोंड करून बोल. हळू बोल. हे पित्यात?"

मी मान हलवली. नाही.

"मंग तिथं काय करत्यात?"

"गाणी ऐकतात. ती कॅसेट."

"ती? रेड्याची?" नानींच्या कपाळाला आठी पडली. "मंग घरी का न्हाई?"

नानांना शब्द दिला होता. मी खाली बघितलं. काउंटरच्या काचेखाली बामच्या बाटल्या होत्या, त्यांची लेबलं वाचत राहिलो. नानींनी हनुवटीला धरून माझं तोंड वर केलं, बघितलं आणि सोडून दिलं.

"माझ्यापायी व्हय," त्या म्हणाल्या. मग पदर खोचला. "चारला गाडी काढ."

चार वाजता नानी माझ्या स्कूटरवर मागं बसल्या. मंदिराच्या पारावर नेहमीची मंडळी होती, मधोमध किसनराव. नानींनी माझ्या पाठीत बोट खुपसलं. मी थांबलो. त्या उतरल्या, पाराजवळ गेल्या. त्यांनी दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले होते.

"किसनराव, मला ऐकू येत न्हाई. दोन वर्सं झाली, बहिरी हाय मी. ते कुनाला कळू नये म्हनून आमच्या ह्यांनी दारुड्याचं नाव लावून घेतलं. थेंब शिवलेलं न्हाईत ते. आता ज्याला काय बोलायचं असंल त्यानं बोलावं, पर मोठ्यांदा बोलावं."

किसनराव उठून उभे राहिले, हात जोडले आणि पुटपुटले, "वहिनी, चुकलं आमचं."

नानींनी कानामागं हात नेला. "मोठ्यांदा!"

किसनरावांनी घसा साफ केला. "चुकलं आमचं!"

"आनखी!"

"चुकलं! वहिनी, चुकलं!" गावचे अध्यक्ष चौकात उभे राहून ओरडत होते. पिठाच्या गिरणीतून लोक बाहेर आले. नानींनी समाधानानं मान डोलावली, पदर डोक्यावर नीट केला आणि स्कूटरवर बसल्या. वाटेत त्या माझ्या पाठीमागं रडत होत्या. माणसाला आपलं रडू केवढ्यानं येतंय हे ऐकू आलं नाही की ते फार मोठं येतं.

तलावावर गाडी उभी होती. नानींनी सरळ जाऊन पुढचं दार उघडलं आणि आत बसल्या. नानांनी टेप बंद केला, कॅसेट लपवायला गेले, ती हातातून पडली. चोरी पकडलेल्या पोरासारखे ते बसले होते. मी दाराशी उभा होतो.

"लावा," नानी म्हणाल्या.

नाना त्यांच्याकडं तोंड करून एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "तुला काय ऐकू येनार हाय त्यातलं?"

"मला कुठं ऐकायचंय? मला दिसतंय की. लावा."

नानांनी कॅसेट घातली. ड्रम सुरू झाला. आणि नाना फोटो काढायला बसल्यासारखे ताठ, नजर समोर, हात मांडीवर. म्हैस उतरली तरी हलले नाहीत. कानांच्या पाळ्या तेवढ्या लाल होत गेल्या. नानींनी कोपरानं ढोसलं. "अवो, मी काय पुतळा बघाया आले?"

मग हळूहळू सुरू झालं. आधी बोटं, मग खांदा. नानी सीटवर वळून बसल्या होत्या आणि एखादं तान्हं मूल बघावं तसं त्यांच्याकडं बघत होत्या. मध्येच त्यांनी विचारलं, "आता काय चाललंय?" नाना हातवारे करून सांगू लागले. हे पितळी वाजवणारे आले. हे गेले. ही बासरी, अशी वर, वर, वर. आता बाई गाती.

"काय म्हनती ती बाई?"

नानांचे हात हवेत थांबले. त्यांनी टेपकडं बघितलं, मग नानींकडं.

"काय म्हाईत," ते म्हणाले. "इतकी वर्सं ऐकतोय, पर तिचं विंग्रजी मला कधी कळलंच न्हाई."

नानी आधी नुसत्या हसल्या. मग दोघंही हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. नानींनी पदरानं आधी नानांचं तोंड पुसलं, मग स्वतःचं, आणि पुढं हात घालून आपल्या बाजूची काच खाली केली. गाणं बाहेर आलं आणि कोरड्या तलावावर पसरलं.

मला तिथं उभं राहायची लाज वाटली. स्कूटरला किक न मारताच मी ती उताराला लावली आणि हातानं ढकलत रस्त्यापर्यंत नेली.